खाऊचा डबा आणि गोळ्यांचा डबा



भाद्रपदाच्या पौर्णिमेला आपल्या खानदेशात गुलाबाई बसते आणि पुढे कोजागरीपर्यंत रोज सायंकाळी मुलींची गाणी चालतात. गाणी संपली की खाऊ ओळखण्याचा खेळ. झाकण लावलेला डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत शेंगदाणे आहेत, फुटाणे आहेत की लाह्या, हे आवाजावरून सांगायचे. मोठ्या बहिणीच्या कडेवर बसलेले दीड-दोन वर्षांचे मूलही हा खेळ पाहत असते. गाण्यातले त्याला काही कळत नसले तरी एवढे पक्के कळते, की जो डबा वाजतो त्यात खाऊ असतो.

आता आपल्या उशाजवळचा डबा हलवून पाहावा. तोही वाजतो.

शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणण्याची जुनी रीत आहे, कारण पावसाळा सरला की तापाच्या रुग्णांची रीघ लागते. त्या तापांविषयी गेल्या अंकात लिहिले होते. आज ज्या संकटाविषयी लिहितो आहे त्याचा डासांशी संबंध नाही. ते घरातच, बहुधा दुपारच्या सामसुमीत आणि काहीही आवाज न होता घडते. लहान मुलाने आजी-आजोबांची गोळी खाणे, हे ते संकट.

तसे हे वर्षभरात केव्हाही घडू शकते. परंतु आश्विन-कार्तिकात घराची घडी विस्कटलेली असते. कापसाची वेचणी सुरू झालेली, आई-वडील सकाळीच शेतावर गेलेले आणि पाळण्यातले व रांगते मूल आजीच्या स्वाधीन. त्यातच दिवाळीची साफसफाई येते. वर्षभर फडताळाच्या वरच्या खणात असलेली औषधे रंगकामासाठी खाली उतरतात आणि चार-चार दिवस खाटेवर नाही तर जमिनीवर पडून राहतात. थोरांच्या दृष्टीने तो पसारा असतो, पण दीड वर्षाच्या मुलाला जन्मात प्रथमच सगळे हाताच्या उंचीवर आलेले असते.

या वयातील मूल जग तोंडाने ओळखते. शिवाय ते अनुकरण करते. जेवणानंतर आजी डबा उघडते, काहीतरी तोंडात टाकते आणि वर पाणी पिते, हे ते दिवसातून दोनदा पाहते. त्यात आपलीही एक सवय भर घालते. मूल औषध घेईना, की आपण "गोड गोळी आहे, खाऊ आहे" असे सांगून ते त्याच्या तोंडात घालतो. ही सवय मात्र आजच सोडावी. औषधाला औषधच म्हणावे, मग मूल थोडे रडले तरी चालेल.

एका गोळीने काय होणार, असे पुष्कळांना वाटते. साठ-सत्तर किलो वजनाच्या माणसासाठी बेतलेली मात्रा दहा किलोच्या देहात गेली, तर काय होईल याचा विचार करावा. मधुमेहासाठी दिली जाणारी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीची एकच गोळी लहान मुलाच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. आपण जिला नुसती ‘साखरेची गोळी’ म्हणता तिच्यात अनेकदा दोन औषधे एकत्र असतात आणि त्यांतील एक बहुधा याच जातीचे असते. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनच्या एक-दोन गोळ्याही मुलाचा रक्तदाब खाली आणण्यास पुरतात. बाळंतिणीला मिळणाऱ्या लाल लोहाच्या गोळ्या तर दिसतातच गोड. त्या अधिक संख्येने पोटात गेल्या तर आधी उलट्या होतात, नंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे वाटते आणि त्यानंतर ते खालावते. मधली ती वेळ फसवी असते.

काही वर्षांपूर्वी वेचणीच्याच दिवसांत गिरणाकाठच्या एका खेड्यातून दोन वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. दुपारी जेवून झोपला, म्हणून कोणाला काही वावगे वाटले नाही. दिवेलागणीला पाहतात तो अंग घामाने ओले आणि हाक मारली तरी डोळे उघडेनात. रक्तातील साखर ३४ भरली. आजीच्या आठवडाभराच्या गोळ्यांच्या डबीतील एक कप्पा रिकामा होता. तो रिकामा असल्याचे आजीला दुपारीच कळले होते. "खाऊ समजीसन खादी, डॉक्टर," ती मला एकटीला गाठून म्हणाली, तेही सून बाहेर गेल्यावर. शिरेतून ग्लुकोज दिले आणि मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. दीड दिवसाने मूल हसत-खेळत घरी परतले. आजीने मात्र पुढे कित्येक महिने नातवाला मांडीवर घेतले नाही.

ती दुपारी का बोलली नाही, हे उघड आहे. "मूल कोणाकडे होते?" हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होते. माझ्या मते या दुखण्यातील सर्वांत घातक वस्तू हा प्रश्नच आहे. गोळीचा परिणाम दिसण्यास काही तास लागतात, आणि तेवढाच अवधी आपल्या हाती असतो. तो भीतीपोटी गप्प राहण्यात निघून जातो. म्हणून हे सदर वाचणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना विनंती आहे, की असा प्रसंग आलाच तर काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा खाल्ले, एवढेच विचारावे. आणि आजी-आजोबांनो, नुसता संशय आला तरी त्याच क्षणी बोलावे. गोळी नंतर खाटेखाली सापडली, तर कोणाचे काही बिघडत नाही.

त्यानंतर काय करावे, ते सांगतो. तोंडात उरलेली गोळी बोटाने काढून तोंड पुसावे. उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजण्याची जुनी रीत अजूनही आढळते. ते मिठाचे पाणीच मुलाला घातक ठरू शकते. तूप, दूध, ताक यांनी विष उतरत नाही. मूल पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल आणि मधुमेहाच्या गोळीचा संशय असेल, तर रुग्णालयात नेताना वाटेत साखरेचे पाणी थोडे थोडे पाजण्यास हरकत नाही. मूल गुंगीत असेल तर मात्र तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर निजवून न्यावे. घरात साखर तपासण्याचे यंत्र असल्यास तपासून पाहावे. परंतु आकडा ठीक आला म्हणून घरी थांबू नये. या गोळ्यांचा परिणाम आठ-दहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो, म्हणून आम्ही अशा मुलाला बहुधा चोवीस तास देखरेखीखाली ठेवण्यास सांगतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहेच. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

जाताना गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्यावे. येथे आणखी एक अडचण येते. औषधाच्या दुकानातून आपण पाच-सहा गोळ्या कापून आणतो. त्या कापण्यात नेमके नाव निघून जाते आणि "पांढरी, गोल, लहान" एवढ्या वर्णनावरून मला औषध ओळखावे लागते. घरातील सर्वांच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा.

आता डबा ठेवावा कोठे, हा प्रश्न. ‘उंचावर ठेवा’ असे सांगणे सोपे आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना मान वर केली की चक्कर येते, त्यांनी रोज स्टुलावर चढावे काय? तसे केल्यास मूल वाचेल आणि आजीचे खुब्याचे हाड मोडेल. अमेरिकेत १९७० साली कायदा झाला आणि औषधांच्या बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणे आली. पण ती वृद्धांच्या सांधे धरलेल्या बोटांनाही जड जातात, म्हणून मागणी केल्यास साधे झाकण देण्याची मुभा त्याच कायद्यात आहे. आपल्याकडील गोळी पाकिटातून दाबून काढावी लागते, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. तो अडसर आपण आठवड्याच्या डबीत गोळ्या सुट्या भरून स्वतःच दूर करतो. डबी मी बंद करायला सांगणार नाही. तिच्यामुळे सकाळची गोळी घेतली की नाही, हे कळते. पण ती कुलपाच्या लहान पत्र्याच्या पेटीत कमरेएवढ्या उंचीवर ठेवावी आणि किल्ली गळ्यात नाही तर कमरेला असावी. पेटी झाकून ठेवण्याची गरज नाही, कुलूप महत्त्वाचे. पदराच्या गाठीत गोळी बांधून ठेवण्याची सवय असल्यास तीही सोडावी. मांडीवरच्या मुलाचा हात आधी तेथेच जातो.

गोळ्यांखेरीज या ऋतूत घरात येणाऱ्या काही वस्तूंचाही उल्लेख केला पाहिजे. नवरात्रात आरतीचा कापूर देव्हाऱ्यापाशी उघडा असतो. तो खडीसाखरेसारखा दिसतो आणि थोडाही पोटात गेला तर मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. थंडीची चाहूल लागली की गुडघ्यांसाठी गंधपुऱ्याचे तेल निघते. ते एक चमचाभर प्यायले गेले तरी लहान मुलाच्या जिवावर बेतते. गोधड्यांतून निघणाऱ्या डांबरगोळ्यांमुळे काही मुलांच्या रक्तपेशी फुटतात. दोन-तीन दिवसांनी लघवी काळपट होते आणि डोळे पिवळे दिसतात. रंगाचे थिनर आणि फवारणीचे औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. थिनर वा रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी झाली तर ते फुप्फुसात शिरते.

भाऊबीजेला लेक माहेरी येईल, बरोबर नातवंडे येतील. ज्या घरात एरवी दोघेच म्हातारे राहतात, तेथे ती मुले तीन-चार दिवस मोकळी फिरतील. त्यांची गाडी येण्यापूर्वी एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खोली पाहावी. जमिनीवर बसणे होत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाला बोलवावे आणि हाताला काय काय लागते ते त्याला शोधायला सांगावे. लेकीच्या सासूबाई सोबत येणार असतील, तर त्यांची औषधांची पिशवी आल्याबरोबर मागून घेऊन आपल्या पेटीत ठेवावी. पाहुण्यांच्या खाटेवरची पिशवी सहसा कोणी बंद करत नाही.