‘एक पर्सनल विचारू का?’

हा मेसेज तुम्हाला आलेला असणार, नाहीतर तुम्ही कुणाला तरी पाठवलेला असणार. बहुतेक वेळा रात्री अकरानंतर. समोरची व्यक्ती बीजीएमआयच्या स्क्वाडमध्ये भेटलेली, नाहीतर डिस्कॉर्डच्या सर्व्हरवर, नाहीतर एखाद्या रीलच्या खालच्या भांडणात. तीन आठवडे मीम्सची देवाणघेवाण झालेली असते. मग कुणीतरी म्हणतं, ‘चल, दहा-दहा प्रश्न खेळू. खरं बोलायचं हं!’ आणि शेजारच्या बाकावर दोन वर्षं बसणाऱ्या मैत्रिणीलाही माहीत नाही असं काहीतरी पहाटे अडीचला तुम्ही या माणसाला सांगून बसता.

घरचे याला ‘मोबाइलचं वेड’ म्हणून मोकळे होतात. पण प्रकरण तेवढं सोपं नाही. कॉलेजात ओळख व्हायला प्रश्न लागतच नाहीत. व्हायवाच्या आधी कुणाचे हात थरथरतात, कुणाच्या डब्यावर सगळे तुटून पडतात, कँटीनचं बिल आलं की नेमका कुणाला फोन येतो, हे आपोआप दिसत राहतं. ऑनलाइन दोस्ताचं यातलं काहीच दिसत नाही. डीपी, हँडल आणि ‘टायपिंग...’ एवढंच भांडवल. मग विचारण्यावाचून गत्यंतर नसतं. शाळेत स्लॅमबुक भरलंय ना? तेच हे. फरक एवढाच, की ती वही वर्गभर फिरणार हे लिहिताना माहीत असायचं, म्हणून ‘क्रश’चा रकाना सगळे शहाण्यासारखे रिकामा सोडायचे.

या खेळामागे थोडं विज्ञानही आहे. १९९७ मध्ये आर्थर आरोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी दोघांना समोरासमोर बसवायचं आणि ३६ प्रश्न द्यायचे, तीन टप्प्यांत, सुमारे ४५ मिनिटांत. सुरुवातीला, जगातल्या कुणालाही जेवायला बोलवता आलं तर कुणाला बोलवशील, असले हलके प्रश्न. शेवटाकडे, दुसऱ्यासमोर शेवटचं कधी रडलास, इथपर्यंत. नुसत्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. २०१५ मध्ये मँडी लेन कॅट्रॉन या लेखिकेने हे प्रश्न स्वतः वापरून पाहिल्याचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिला आणि ‘प्रेमात पाडणारे ३६ प्रश्न’ म्हणून ते जगभर फिरले. गंमत अशी, की आरोन यांना कुणाला प्रेमात पाडायचं नव्हतं. प्रयोगशाळेत तात्पुरती जवळीक कशी तयार करता येईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. तात्पुरती, हा शब्द लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट रीलवाले सांगत नाहीत. त्या प्रयोगात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं होतं. एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने मन मोकळं करायचं, असा तो खेळच नव्हता. सुझन स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं हेच तपासलं. आळीपाळीने सांगणाऱ्या जोड्यांना एकमेक जास्त आवडले. आधी एकजण सगळं सांगणार आणि दुसरा नुसता ऐकणार, अशा जोड्यांमध्ये तेवढं जमलं नाही. आता तुमचं चॅट वर स्क्रोल करून बघा. तुमची उत्तरं पाच-पाच ओळींची आणि समोरून ‘ओह’, ‘सेम यार’, ‘पुढचा प्रश्न’? मग या खेळाला मैत्री म्हणायचं की मुलाखत, तुम्हीच ठरवा.

चॅटची स्वतःची एक जादूही असते. जोसेफ वॉल्थर या संवाद-अभ्यासकाने १९९६ मध्येच ती मांडली होती, म्हणजे तुमच्या जन्माआधी. लिहून बोलताना माणूस आपला सर्वोत्तम भाग निवडून पाठवतो. खोडतो, पुन्हा लिहितो. आणि वाचणारा मधल्या गाळलेल्या जागा आपल्या मनासारख्या भरतो. म्हणून ऑनलाइन दोस्त ‘सॉलिड समजून घेणारा’ वाटतो. कदाचित असेलही. पण बस चुकल्यावर तो कसा चिडतो, हे तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

ही विचारण्याची भूक कंपन्यांनी बरोब्बर ओळखली. २०१७ मध्ये ‘सराहाह’ आलं. अरबीत अर्थ प्रामाणिकपणा. निनावी मेसेजच्या नावाखाली छळ सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी अॅपल व गूगलने ते स्टोअरमधून काढलं. मग ‘एनजीएल’ आलं. स्टोरीवर लिंक टाका, लोक नाव न सांगता काहीही विचारतील. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई केली, तेव्हा बाहेर आलेली माहिती वाचण्यासारखी आहे. अनेक मेसेज मित्रांचे नव्हतेच, अॅपच ते तयार करून पाठवत होतं. ‘तू काय केलंस ते मला माहितेय’ या छापाचे. मग ‘कोणी पाठवलं ते बघायचंय?’ म्हणून आठवड्याला दहा डॉलरपर्यंत पैसे. पैसे भरूनही हाती लागायची ती फुटकळ ‘हिंट’. कंपनीने ५० लाख डॉलर भरायचं आणि १८ वर्षांखालच्या मुलांना अॅप न देण्याचं मान्य केलं. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या किती स्टोऱ्यांवर ती लिंक होती, आठवा जरा.

निरागस प्रश्नांचंही असंच. पहिली शाळा कुठली, आईचं माहेरचं आडनाव काय, पहिल्या कुत्र्याचं नाव? हे पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे प्रश्न आहेत. २००८ मध्ये टेनेसी विद्यापीठातल्या २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू मेल उघडलं. त्यासाठी त्याला हॅकिंग वगैरे करावंच लागलं नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली, एवढ्या माहितीवर पासवर्ड बदलून मिळाला. पुढे त्याला शिक्षा झाली, हा भाग वेगळा. तुमचा यूपीआय पिन जन्मवर्ष असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

‘कायदा आहे ना आता!’ आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन अॅक्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण तो कंपन्या आणि संस्थांसाठी आहे. एखाद्याने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे. म्हणजे तुमच्या कबुलीजबाबाचा स्क्रीनशॉट मित्राने ग्रुपवर टाकला, तर या कायद्याचा उपयोग जवळपास शून्य. धमकी आली, फोटोंवरून पैसे मागितले, तर मात्र तो सरळसरळ गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा. चॅट लाजेपोटी डिलीट करू नका, पुरावा तोच असतो.

मला यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न मात्र साधाच आहे. ‘पूर्ण नाव काय तुझं?’ ऑनलाइन दोस्तीची आपल्याकडची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हँडलला आडनाव नसतं. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी हजेरीत जे कळतं, ते इथे चार महिने कळत नाही. तेवढ्या काळात बुलेट भारी की जावा, सैराट किती वेळा पाहिला, बाबांशी का पटत नाही, हे सगळं बोलून झालेलं असतं. मग एका रात्री येतं, ‘आडनाव काय?’ उत्तर टाळलं की ‘मूळ गाव?’ मग ‘घरी नॉनव्हेज चालतं?’ मग ‘अॅडमिशन ओपनमधून का?’ एकही प्रश्न उद्धट नाही. चारही मिळून काय शोधतायत, हे विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारलंय त्याला, दोघांनाही कळतं. कधीकधी त्यानंतर रिप्लाय यायला वेळ लागायला लागतो. भांडण नाही, ब्लॉक नाही, नुसतं ‘सीन’.

विचारणारे सगळेच वाईट हेतूने विचारतात, असं नाही. अनेकांना सवयच असते, घरी पाहुण्यांना हेच विचारताना पाहिलेलं. म्हणून पुढच्या वेळी ‘आडनाव काय?’ आलं, तर लगेच उत्तरही देऊ नका आणि चिडूही नका. ‘सांगते, पण का रे?’ एवढंच लिहा. आणि मग ते ‘टायपिंग...’ किती वेळा सुरू होऊन थांबतंय, ते बघा.