लातूर-नांदेड सोडून गेलेले पुन्हा कसे उभे राहिले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शाळांत झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामावर भाषणं होतात. निजामाची राजवट गेली, मराठवाडा भारतात आला, याचा आनंद आपल्यालाही आहे. पण एखादं पोर विचारतं, "सर, आमच्या दादीचे भाऊ कराचीला का गेले?" तेव्हा आपण गप्प होतो.

गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी. १९४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाला कंटाळून असंख्य हिंदू कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे गेली. तेव्हा हैदराबाद वेगळं संस्थान. म्हणजे ते शेजारच्या मुलखातले निर्वासितच. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. हे आपण लपवायचं कारण नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई झाली आणि मग उलटा लोंढा सुरू झाला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज सांगतो, संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथल्या सुमारे १० हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम ३ हजार दिसले. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवणारे हिंदू शेजारीही होते, हेही त्याच अहवालात आहे.

गेलेले कुठे गेले? बरेच हैदराबाद शहरात, काही कराचीला. कराचीतली हैदराबाद कॉलनी आजही ती ओळख सांगते. इथे एक फरक लक्षात घ्या. सोलापूर-बार्शीला गेलेल्यांना वातावरण निवळल्यावर गावी परतता आलं. हैदराबाद शहरात गेलेल्यांनाही निदान वाट मोकळी होती. पण कराचीला पोचलेल्यांची वाट आधी परमिटनं, मग पासपोर्ट-व्हिसानं अडवली. १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्यानं मागे राहिलेली घरं-जमिनी कस्टोडियनच्या ताब्यात जाऊ लागली. सख्खे भाऊ दोन देशांचे झाले.

म्हणजे निर्वासित माणूस नुसत्या दयेवर उभा राहत नाही. त्याला काम लागतं, कागद लागतो आणि परतीची वाट लागते. आज जगातले सुमारे दोन तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशांत आहेत. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत १० लाखांहून अधिक रोहिंग्या आहेत. पोट भरण्यापुरती मदत येते, पण बाहेर कामाची परवानगी नाही. पाकिस्ताननं २०२३ पासून लाखो अफगाणांना माघारी धाडलं. त्यातले कित्येक तिथेच जन्मलेले. यजमान देश मुसलमान असला म्हणून प्रश्न सुटत नाही, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावं.

आणि एक काम आपल्या हातातलं आहे. १९४८ पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली. नानी-दादाजींजवळ बसा, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या. पेटीतले जुने उर्दू कागद रद्दीत देऊ नका. कुणबी नोंदींच्या शोधात निजामकालीन उर्दू दफ्तरांना किती महत्त्व आलं, ते आपण पाहिलंच आहे. कोणी मारलं याच्याबरोबर कोणी वाचवलं तेही लिहा. पुढच्या १७ सप्टेंबरला त्या पोराला उत्तर द्यायचं आहे.