बाळसे आणि वजनाचा काटा

गुटगुटीत बाळ हे आपल्याकडे घराच्या सुखाचे प्रमाणपत्र मानले जाते. ‘बाळसे धरले का?’ हा प्रश्न बाळंतिणीला जितक्या वेळा ऐकावा लागतो, तितक्या वेळा ‘तू नीट जेवतेस ना?’ हे तिला कोणी विचारत नाही. या कौतुकालाही कारण होते. अपुऱ्या पोषणाने मुले दगावत, त्या काळात नातवाचे भरलेले अंग हाच आजीचा दिलासा होता. मात्र जाड बाळ म्हणजे सुदृढ बाळ, हे समीकरण आता तपासून पाहिले पाहिजे.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचे 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला किरकोळ, पण मेदाकडे झुकलेले असे हे बाळ घरी येते आणि त्याला ‘भरून काढण्याची’ घाई सुरू होते. वरचे दूध, डब्यातील पावडर, चौथ्या महिन्यातच बिस्किटाचा चुरा! वजन झपाट्याने वाढते. पण ते हाडामांसाचे असेलच असे नाही.

आईच्या दुधात 100 मिलिलिटरमागे सुमारे 1 ग्रॅम प्रथिने असतात, गाईच्या दुधात त्याच्या तिप्पट. युरोपातील पाच देशांत झालेल्या एका अभ्यासात अधिक प्रथिनांचे पावडरचे दूध प्यालेली मुले दुसऱ्या वर्षी उंचीच्या मानाने अधिक वजनाची होती आणि सहाव्या वर्षी त्यांच्यात स्थूलताही अधिक आढळली. शिवाय अंगावर पिणारे बाळ पोट भरले की तोंड फिरवते. बाटलीत मात्र उरलेले दोन घोट मोठ्यांना दिसतात आणि ते संपवण्याचा आग्रह होतो. माझ्या मते निम्मा घोटाळा त्या दोन घोटांत आहे.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नको. त्यानंतर उष्टावण करून मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची पेज, कुस्करलेले केळे द्यावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. तुपाला घाबरू नये; वाढत्या मेंदूला स्निग्धांश हवाच असतो. साखर मात्र दोन वर्षे दूर ठेवावी. उष्टावणाच्या दिवशी खीर चाटवली तर चाटवली, तिचा नेम नको.

जन्मवजन साधारणपणे पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षअखेर तिप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये वाढीचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांत दिल्लीतील मुलांच्याही नोंदी आहेत. त्या आलेखावर वजन आणि लांबी दोन्ही पाहावीत. शेजारच्या बाळाकडे पाहू नये. केवळ अंगावर पिणारे बाळ गुबगुबीत असेल तर त्याचे दूध तोडण्याचे कारण नाही. वजनाची रेषा लांबीच्या रेषेला मागे टाकून वर चढू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे आणि जाताना बाटलीत दिवसभर काय काय जाते, याची यादी सोबत न्यावी.