तापाचं औषध : चमचा नको, वजन बघा

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी आपण सगळ्यांनीच वाचली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोष्ट. लेकरांना साधा सर्दी-ताप होता, सिरप दिलं, आणि काही दिवसांत लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यातली बरीच मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. वीसहून जास्त लेकरं गेली. ‘कोल्ड्रिफ’ या सिरपच्या एसआर-१३ नंबरच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के सापडलं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही! कांचीपुरम जिल्ह्यातल्या त्या कारखान्याचा परवाना रद्द झाला, मालकाला अटक झाली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या बॅचबद्दल इशारा दिला होता.

आपल्या राज्याला हे रसायन नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग त्यावरच बसला होता. जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच रसायन लेकरांच्या बाटलीत निघावं, याचा राग यायलाच हवा. बाटलीत काय आहे हे तपासणं सरकारचं आणि कंपनीचं काम आहे. कोणतीही आई घरात बसून सिरपमधलं विष ओळखू शकत नाही, तेव्हा त्याचा दोष आईच्या माथी कुणी मारू नये.

पण मैत्रिणींनो, या बातमीत आणखी एक गोष्ट होती, ती फारशी बोलली गेली नाही. सगळीकडे ‘खोकल्याचं औषध’ असं छापून आलं. प्रत्यक्षात त्या सिरपच्या लेबलवर तीन औषधं होती : क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. म्हणजे तापाचं औषध त्यातच होतं. सर्दीची अशी बरीच सिरपं बाजारात आहेत. आता आपल्या घरी काय होतं? लेकराचं नाक गळतंय म्हणून एक सिरप, अंग तापलंय म्हणून दुसरं. दोन्हींत पॅरासिटामॉल. डोस दुप्पट झाला, आणि कुणाला पत्ताही नाही. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृतावर येतं, आणि पहिल्या दिवशी लेकरू चांगलं हसतं-खेळतं, म्हणून संशयही येत नाही. तेव्हा बाटलीवर मोठ्या अक्षरातलं नाव नाही, खालची बारीक अक्षरं वाचा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा, मेडिकलवाल्या भाऊंना विचारा, “यात पॅरासिटामॉल हाय का?” क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापा, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच काढला होता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत.

नुसतं पॅरासिटामॉल मात्र चांगलं औषध आहे, नीट दिलं तर. घोळ होतो तो मापात. ‘एक चमचा’ हे मापच नाही. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या लेकराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. पण बाजारात बाटल्या तीन तऱ्हेच्या. एकीत ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १००. म्हणजे त्याच लेकराला पहिल्या बाटलीतून ५ मिली, दुसरीतून अडीच, आणि ड्रॉप्समधून सव्वा मिलीच्या आत द्यायचं. ड्रॉप्स छोट्या बाळांचे म्हणून ‘हलके’ असतात, असा आपल्याकडे समज आहे. उलट तेच सगळ्यात कडक! कुणी ड्रॉप्सची बाटली चमचाभर ओतली, तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेलं, मोठ्या माणसाच्या गोळीइतकं.

वजन माहीत नसेल तर अंगणवाडीत जा, ताईंच्या रजिस्टरात असतं. बाटलीसोबत आलेलं मापाचं टोपण किंवा पिचकारी त्याच बाटलीची वापरा. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. सासूबाईंनी दिलं, परत आपणही दिलं, असं एकत्र घरात सहज होतं. कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवायची सवय लावली की भांडणही टळतं.

घरात जुन्या बाटल्या असतील तर त्या बघा. निमेसुलाइडचं सिरप एके काळी घरोघर होतं, ताप झटकन उतरायचा म्हणून. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ मध्येच बंदी आली, कारण यकृताला धोका. लेकरांना ॲस्पिरिनही नको.

आता आपल्या लातूर-नांदेडकडची खास गोष्ट. पाणी आठ-आठ दिवसांनी येतं अशी वेळ आपल्याकडे कितीदा आली. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे पाणी साठवायची सवय हाडात मुरलेली : हौद, ड्रम, रांजण. डेंग्यूचा डास याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणून पावसाळ्यात आणि नंतरही, तापाचं निदान होईपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप (कॉम्बिफ्लाम, मेफ्टाल या नावांनी आपण ओळखतो ते) आपल्या मनाने देऊ नका. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो. आणि डेंग्यूमध्ये ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. पोट दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं ताप उतरतानाच दिसतात, तेव्हा दवाखाना गाठायचा.

एप्रिल-मे मध्ये उन्हात खेळून आलेल्या लेकराचं अंग भाजतंय, ते बरळतंय, तर तो उष्माघात असू शकतो. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

साध्या तापात मात्र गोधडीत गुंडाळू नका. बर्फ नको, मिठाच्या पाण्याच्या घड्यांनीही फार साधत नाही. पाणी, पेज, ताक थोडं थोडं द्या, तान्ह्याला अंगावर पाजत राहा. १०१ ताप असून लेकरू खेळतंय, खातंय, तर आकडा खाली आणायचा हट्ट नको. औषध लेकराला बरं वाटावं म्हणून द्यायचं, थर्मामीटरला बरं वाटावं म्हणून नाही.

झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दातांत चमचा घालू नका. एका कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच १०८ ला फोन. थांबला तरी पहिला झटका असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ च्या वर गेला तर घरी औषध द्यायचंच नाही, थेट दवाखाना. मोठ्या लेकरांतही लघवी बंद, पाणी पीत नाही, मान आखडलीय, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, किंवा ताप तीन दिवसांवर गेलाय, तर थांबू नये. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय आहे, लातूरला विलासराव देशमुख संस्थेचं. गाव लांब असेल तर आधी जवळचं आरोग्य केंद्र.

औषध घेताना बिल मागा, पाच रुपयांचं असलं तरी, आणि बाटली संपेपर्यंत जपून ठेवा. त्यावर बॅच नंबर असतो. औषधाबद्दल शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक आहे, १८००-२२२-३६५. तक्रार करताना हा बॅच नंबर लागतो.