‘व्हेरी सॅड’च्या पुढे
आठवी ते बारावीचे पेपर तपासताना ‘माय फादर वॉज व्हेरी सॅड’ हे वाक्य आपणा सगळ्यांच्या नजरेखालून गेलेलं आहे. व्याकरण बरोबर, गुण दिले, पुढचा पेपर. पण अमरावती-अकोल्याच्या खेड्यातल्या पोराला घरची गोष्ट सांगायला आपण एवढेच दोन शब्द देतो, ही आपल्या शिकवण्यातली उणीव आहे.

इंग्रजीत दुःखाचे आणि मंदीचे शब्द जोडीजोडीने येतात. शोक ‘डीप’, काळीज ‘हेवी’, मागणी ‘वीक’ नाहीतर ‘स्लगिश’. आपली ‘मरगळ’ मनालाही येते आणि बाजारालाही. तसंच त्यांचं ‘डिप्रेशन’. पण माणूस त्याने ‘सफर’ होतो, अर्थव्यवस्था त्यात ‘स्लाइड’ होते. हे नियमाने येत नाही. म्हणून तर इंग्रजी भाषेचे अभ्यासक हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली जपानमध्ये परकीय विद्यार्थ्यांसाठी अशा जोड्यांचा मोठा संग्रह छापला.

आपल्याकडे त्यासाठी आयता विषय आहे: कापूस. ‘यंदा कापसाले भाव नाई’ हे मूल घरी रोज ऐकतं. ते इंग्रजीत ‘रेट्स फेल डाउन’ लिहितं. त्याला ‘प्राइसेस फेल शार्पली’ द्या. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल, लांब धाग्याला ८,११०. हे आकडे फळ्यावर मांडा आणि त्याखाली बाजार समितीतला त्या दिवसाचा भाव लिहा. सावकाराच्या तगाद्यापायी पडेल भावात माल काढणं म्हणजे ‘डिस्ट्रेस सेल’. त्याचा अर्थ इथे समजावून सांगावा लागत नाही, फक्त जोडी हाती द्यावी लागते.

एका जोडीबद्दल मात्र आग्रह धरतो. ‘कमिट’ हे क्रियापद चोरीसोबत, खुनासोबत येतं, आणि आपण बिनदिक्कत ‘कमिटेड सुइसाइड’ शिकवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये आपल्या अमरावती विभागाचे पाचही जिल्हे होते. ज्या घरातला कर्ता असा गेला, तिथलं लेकरू आपल्याच वर्गात बसतं. त्याच्या बापाच्या मरणाला गुन्ह्याचं क्रियापद लावू नका. ‘डाइड बाय सुइसाइड’ लिहा.

या महिन्यात कापसाच्या भावावर एक तास घ्या आणि मुलांनी लिहिलेली वाक्यं, चुकांसकट, आमच्याकडे पाठवा.