‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत जी नवी वाक्ये रूढ झाली, त्यांत ‘नेट नाही’ या वाक्याइतके आळशी वाक्य दुसरे नसेल. बँकेच्या खिडकीत ते ऐकू येते, तलाठ्याच्या कचेरीत ऐकू येते, आणि आता तर घराघरांतून ऐकू येऊ लागले आहे. ऐकणारा मान हलवतो आणि आल्या पावली परत फिरतो. पाऊस नाही तर नाही, तसे नेट नाही तर नाही! आमच्या हिंगणीकडे तर ते अधिक गोड करून सांगतात. ‘नेटच नाही येऊन राहिलं जी!’ जणू नेट म्हणजे नागपूरहून निघालेले कोणी पाहुणे असून वाटेत सेलूला चहाला थांबले आहेत.

माझे भांडण या वाक्याशी आहे, आणि त्याहून अधिक ते निमूटपणे ऐकून घेणाऱ्यांशी आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरे नाही’ एवढेच म्हणून कोणी थांबत नाही. पोट दुखते की डोके, ताप सकाळी येतो की संध्याकाळी, हे खेड्यातली निरक्षर म्हातारीदेखील चोख सांगते. मोटारपंप बंद पडला तर शेतकरी ‘पाणी नाही’ म्हणून बांधावर बसून राहत नाही. तो आधी फ्यूज पाहतो, स्टार्टर पाहतो, तीन फेजांपैकी एक गेला आहे काय ते पाहतो, फुटबॉल्व्हमध्ये कचरा अडकला काय ते पाहतो, आणि मग मिस्त्रीला निरोप धाडतो. हाच मनुष्य घरातल्या संगणकापुढे बसला की त्याची सगळी बुद्धी कोठे जाते? ती जात नाही. ती आपण त्याच्याकडून काढून घेतली आहे. ‘हे तुझे काम नव्हे’ असे त्याला इतक्या जणांनी, इतक्या वेळा सांगितले आहे की ते त्याला खरे वाटू लागले आहे.

हे सारे करमणुकीपुरते असते तर मी दिवाळी अंकाची पाने अडवली नसती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हा ते महानगरांतल्या थोड्या लोकांच्या हौसेची वस्तू होते. आज तसे राहिलेले नाही. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची आहे. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. म्हणजे बोरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या मुलीलाही कॉलेजचे दार आधी पडद्यावर ठोठवावे लागते. त्याच वर्षीच्या हंगामात भारतीय कापूस निगमला हमीभावाने कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आवश्यक झाली. आणि वर्धा जिल्हा म्हणजे कापसाचा जिल्हा. फॉर्मची मुदत रात्री बाराला संपत असताना संध्याकाळी सात वाजता ‘नेट नाही’ असे म्हणून जो दिवा मालवतो, तो एका मुलीचे वर्ष मालवतो.

बरे, या ‘नाही’च्या पोटात निदान सहा निरनिराळी दुखणी आहेत, आणि ती ओळखायला पदवी लागत नाही. पहिला प्रश्न अगदी साधा: त्याच वायफायवर घरातला फोन चालतो काय? मात्र हे पाहताना फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. नाहीतर फोन गुपचूप टॉवरवरून नेट घेतो आणि आपण म्हणतो, ‘वायफाय तर चालू आहे!’ या एका चुकीपायी लोक दोन-दोन दिवस भलत्याच ठिकाणी शोध घेत बसतात. फोन चालला आणि संगणक चालला नाही तर दोष संगणकात किंवा त्याच्या तारेत. दोन्ही चालत नसतील तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्याही पलीकडे. एका प्रश्नात अर्धे रान तुडवून झाले.

मग भिंतीवरच्या डबीचे दिवे पाहावेत. ते शोभेसाठी लावलेले नाहीत. फायबरच्या डबीवर ‘एल-ओ-एस’ या अक्षरांखाली तांबडा दिवा लागला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच डबीपर्यंत पोचत नाही असा त्याचा अर्थ. तार खांबावर तुटली असेल, माकडांनी झोका घेतला असेल, ट्रॅक्टरवरच्या कडब्यात अडकली असेल, किंवा कपाट सरकवताना मागची पिवळी तार कोणी काटकोनात दुमडली असेल. काचेच्या तारेला असे दुमडले की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. (तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारेच्या टोकाला डोळा लावून पाहण्याचा शहाणपणा कोणी करू नये.) तांबडा दिवा नसेल तर संगणकाला विचारावे, ‘बाबा, तुझा पत्ता काय?’ तो १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता सांगू लागला तर समजावे की राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही; बिचाऱ्याने आपणच एक तात्पुरती पाटी लिहून दारावर लावली आहे. पत्ता ठीक असेल तर राउटरला हाक मारावी. या हाक मारण्याच्या आज्ञेला ‘पिंग’ म्हणतात. १९८३ साली ती लिहिणाऱ्या माइक म्यूस यांनी पाणबुड्यांच्या शोधयंत्राच्या आवाजावरून हे नाव ठेवले. राउटरने ओ दिली, तर चार वेळा आठ असा जो गूगलचा पत्ता आहे त्याला हाक मारावी. तोही ओ देतो, पण संकेतस्थळाचे नाव टाकले की काही उघडत नाही, असे झाले तर रस्ता शाबूत आहे आणि नावावरून पत्ता शोधणारी वही तेवढी बिघडली आहे. ही वहीची व्यवस्थाही १९८३ चीच, पॉल मोकापेट्रिस यांची. वही दुसरी घ्यावी, काम भागते.

यांत अवघड ते काय आहे? सातवीच्या मुलाला लघुतम साधारण विभाज्य शिकवायला मला याहून अधिक घाम गाळावा लागतो.

पण हे कोणी सांगत नाही, कारण न सांगण्यावर काहींचा संसार चालतो. गावोगावी एक ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’ असतो. तो गुणी असतो, चटपटीत असतो, पण त्याच्या भात्यात बाण एकच: फॉरमॅट! आमच्याकडे एका घरी बचत गटाच्या हिशेबाचा संगणक होता. एके सकाळी कोणतेही पान उघडेना; प्रत्येक पानावर ‘हे ठिकाण सुरक्षित नाही’ अशी ताकीद. पोरगा आला, त्याने फॉरमॅट मारला, नवी तारीख भरली, नेट सुरू झाले, पाचशे रुपये घेऊन गेला. गटातल्या बायांची चार वर्षांची खतावणी त्या पुसापुशीत गेली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, आली, आणि पुन्हा तीच ताकीद! मग कोणीतरी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. संगणकाच्या पोटात रुपयाएवढा एक गोल सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो सेल मेला होता. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपले ओळखपत्र दाखवते, आणि त्या ओळखपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. ज्या संगणकाला आजची तारीखच ठाऊक नाही, त्याला सारी ओळखपत्रे खोटी वाटणार. चहाच्या पैशात येणारा सेल बदलला असता तर खतावणी वाचली असती. पोराला मी दोष देत नाही. त्याला ज्यांनी शिकवले त्यांनी कोठे दाबावे एवढेच शिकवले.

डबीच्या पाठीमागे एक बारीक भोक असते. त्यात टाचणी खुपसली की डबी जन्मली त्या दिवसासारखी कोरी होते, म्हणजे कंपनीने भरून दिलेले नाव आणि परवलीचा शब्दही पुसला जातो. अर्ध्या तासाच्या बिघाडाला दोन दिवसांचा करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. तरीही घरोघरी टाचणी हाताशीच असते.

आता कंपन्यांकडे वळू. कोणतीही कंपनी घ्या, फोनवरचा आवाज पहिल्याने विचारतो, ‘सर, रिस्टार्ट केलं का?’ पुन्हा बंद करून चालू केल्याने पुष्कळदा काम होते, हे खरे आहे. डबी हाही एक लहानसा संगणकच. महिनोन् महिने चालून तो गोंधळतो, आणि नव्याने सुरू झाला की ताजा पत्ता मागून घेतो. पण तो उपाय झाला. निदान कोणी करावयाचे? एल-ओ-एसचा दिवा तांबडा असताना चार वेळा रिस्टार्ट करायला लावणे म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला ‘झोपून उठा, बरे वाटेल’ असे सांगणे. त्यानंतर निरोप येतो, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ तार खांबावर तशीच लोंबत असते.

शंभरातले नव्वद बिघाड दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत दुरुस्त व्हावेत, असा दंडक दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ब्रॉडबँडसाठी २००६ सालीच घालून दिला होता. २०२४ साली नवे नियम आले. नियमांची वाण नाही. पण ‘नेट नाही’ असे म्हणणाऱ्याच्या हाती नियम लागत नाही. ‘सकाळी आठपासून एल-ओ-एस तांबडा आहे, घरातली तार मी तपासली, तक्रार क्रमांक अमुक’ असे जो म्हणतो, त्याच्याशी बोलताना आवाज बदलतो. हे मी अनेकदा ऐकले आहे. आवाजात एकदम ‘सर’ खरा होतो.

सरकारचीही तऱ्हा निराळी नाही. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली, पुढे तिचे भारतनेट झाले. किती किलोमीटर तार टाकली याचे आकडे वर्षानुवर्षे छापून आले. टाकलेली तार सांभाळावयाची कोणी, याला ठळक जागा मिळाली ती २०२३ च्या १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित योजनेत. बारा वर्षे! विहीर खणून झाली आणि मग दोराची आठवण झाली.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात बसून आपण सोसतो? १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटी मुद्दाम वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नको, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे, यंत्र वीस वर्षे चालले पाहिजे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांवर जाता कामा नये. यंत्र किती सूत काढते याच्या बरोबरीने ते बिघडल्यावर काय होईल, हा प्रश्न त्यांनी बक्षिसाच्या कागदावरच लिहून टाकला. पुढे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम निघाली. हाताने करावयाच्या प्रत्येक क्रियेचे ‘का’ मुलाला कळले पाहिजे, नाहीतर ते शिक्षण नव्हे, नुसती हमाली, हा तिचा गाभा. नई तालीम आपण केव्हाच गुंडाळली. तो इतिहास मी येथे उगाळत नाही. पण तिच्या जागी काय आणले? २००१ पासून एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रे घरोघरी भिंतींवर लागली. त्या भिंतीच्या खाली बसलेला प्रमाणपत्रधारक डबीच्या चार दिव्यांपैकी एकाचाही अर्थ सांगू शकत नाही.

काही सुशिक्षित मित्र मला म्हणतात, ‘गुरुजी, एस. टी.त बसणाऱ्याला इंजिन ठाऊक असावे लागते काय?’ नसावे लागत. पण एस. टी. बंद पडली तर कंडक्टर उतरून सांगतो की टायर फुटला आहे की डिझेल संपले आहे, आणि मागून दुसरी गाडी किती वाजता आहे. ऐकणारा ठरवतो, थांबावे की पायी निघावे. घरातल्या संगणकावर कंडक्टर नाही. तेथे प्रवासीही आपण आणि कंडक्टरही आपणच. आणि ज्याला इंटरनेट म्हणतात त्याचा जन्म तरी कसा झाला? २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्डच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडायला घेतला. ‘एल’ गेले; फोनवरून विचारले, आले काय? आले. ‘ओ’ गेले, आले काय? आले. तिसऱ्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोसळली. पण कोठवर पोचले आणि कोठे अडले, हे दोन्ही बाजूंना अक्षराअक्षराने ठाऊक होते, म्हणून तासाभरात ते पुन्हा जोडता आले. ‘नेट नाही’ असे म्हणून त्या रात्री कोणी घरी गेले नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. डबी बसवायला येणाऱ्याने चार दिव्यांचा अर्थ मराठीत लिहिलेला कागद तिच्याशेजारी चिकटवावा, आणि नाव व परवलीचा शब्द घरच्या माणसाच्या वहीत लिहून द्यावा. आणि शाळेत आठवीच्या संगणकाच्या प्रात्यक्षिकात, पत्र टाइप करून रंगीत चौकट काढण्याऐवजी, मास्तरांनी आधी येऊन कोठेतरी एक तार सैल करून ठेवावी किंवा तारीख पाच वर्षे मागे न्यावी, आणि मुलाला सांगावे, शोध! हा प्रस्ताव मी शिक्षकांच्या एका बैठकीत मांडला होता. ‘मुलांचे गुण जातील,’ असे उत्तर मिळाले. जातील, यात शंका नाही. पहिल्या वर्षी तर पुष्कळांचे जातील, आणि तारा सैल करणाऱ्या मास्तरांपैकीही निम्म्यांना त्या पुन्हा बसवता येणार नाहीत.