डबे मोजावेत की रेघ पाहावी?

पंचतंत्रात गोष्टीतून गोष्ट निघते. आतली संपल्यावाचून बाहेरची पुरी होत नाही, आणि कोणती कुठे सोडली हे सांगणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागते. संगणकाचेही असेच. एखादे काम करता करता तो तेच काम लहान प्रमाणात पुन्हा हाती घेतो, त्यात आणखी एकदा. याला ‘रिकर्शन’ म्हणतात. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामाची आठवण तो जणू एका डब्यात घालतो आणि डब्यावर डबा रचतो.

ही उतरंड छताला भिडली तर? सारा प्रोग्रॅम जागीच कोसळतो. न साठवलेले लिखाणही त्याबरोबर जाते! म्हणून पायथॉन ही संगणक-भाषा चालवणारा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी, पहारा करतो. त्याची जुनी रीत मोजणीची. काम सुरू झाले की आकडा एकने चढवायचा, संपले की उतरवायचा. १००० झाले की ‘पुरे’ म्हणायचे.

पहारा हवाच, पण तो फुकट नसतो. सेकंदाला लाखो वेळा चढ-उतार करायचा म्हणजे वेळ जाणारच. शिवाय मोजणीत एक मेख आहे. सगळे डबे सारखे कुठे असतात? चकलीचा डबा उंच, वेलदोड्याची डबी बुटकी. डब्या असतील तर हजार झाले तरी वर जागा उरते. मोठे डबे असतील तर आकडा भरण्याआधीच छत लागते.

२०२२ साली ३.११ या आवृत्तीने पायथॉनमध्ये लिहिलेल्या कामांचे डबे या उतरंडीतून काढून निराळ्या जागी नेले. २०२३ च्या ३.१२ ने दुभाष्याच्या पोटातल्या, सी भाषेतल्या कामांना वेगळा आकडा दिला. पण मोजणी ती मोजणीच! अखेर २०२५ च्या ३.१४ ने पोटातल्या कामांपुरते मोजणेच सोडले. छताच्या जरा खाली भिंतीवर रेघ ओढली. उतरंड तिथवर आली का, एवढेच पाहायचे. चढताना एक नजर, उतरताना काहीच नाही. पायथॉनमधल्या कामांना १००० ची मर्यादा मात्र राहिली, बहकलेल्या प्रोग्रॅमला वेळीच आवरायला.

माळ्यावर फराळाचे डबे रचताना आपण कधी मोजतो का? मान वर करून पाहतो. १९९१ साली जगापुढे आलेल्या भाषेच्या दुभाष्याने आता कुठे मान वर केली, इतकेच!